आवाज कसला येतो, ते सांगा

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

पेणच्या बाजारपेठेत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान ३३ वर्षं होतं. राहायला मी कासूलाच. आधी एस.टी.नं आणि पुढे रेल्वे आल्यावर गाडीनं रोजची ये-जा. दुकानात गिऱ्हाईक यायचं, सेट काउंटरवर ठेवायचं आणि म्हणायचं, ''आवाज येतो हो याच्यातून.'' आता रेडिओतून आवाज यायलाच हवा, न आला तर तक्रार! पण त्याला म्हणायचं असायचं की, नको तो आवाज येतो. मग स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मी एकच विचारायचो, ''कसला आवाज येतो, ते सांगा.''

कोणी म्हणे, भुंगा कोंडल्यासारखा. कोणी म्हणे, नळ चालू राहिल्यासारखा. एकदा आमच्या कासूच्याच एक काकू आल्या. त्या म्हणाल्या, ''भाऊ, कढईत मोहरी तडतडते ना, तसा. पण सकाळी लावला की तडतडतो आणि माझ्या भाकऱ्या थापून होईपर्यंत आपोआप गप्प होतो.'' खरं सांगतो, त्या एका वाक्यात निम्मी दुरुस्ती झाली होती. ती कशी, ते पुढे येईलच.

आज मला बोलायचंय ते व्हॉल्व्हबद्दल. पुस्तकात त्याला निर्वात नलिका म्हणतात, पण आमच्या धंद्यात हा शब्द कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. हवा काढून घेतलेली काचेची नळी, आत तापणारी तार, तिच्याभोवती कॅथोड, मग बारीक तारेची जाळी म्हणजे ग्रिड आणि बाहेरून पत्र्याची प्लेट म्हणजे अ‍ॅनोड. फ्लेमिंगनं १९०४ मध्ये दोन भागांचा व्हॉल्व्ह केला, ली डी फॉरेस्टनं १९०६ मध्ये त्यात जाळी घातली आणि क्षीण आवाज मोठा करण्याची सोय झाली. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं, तेव्हा ते ऐकायला व्हॉल्व्हचे सेट होते. १९५७ मध्ये विविध भारती आली तेव्हाही घरोघरी तेच. मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको ही नावं ऐकली की माझ्या वयाच्या माणसांना अजून त्या सेटच्या कापडी जाळीचा आणि तापलेल्या धुळीचा वास येतो.

आमच्या घरातला पहिला सेट तर बॅटरीवरचा होता, कारण गावात वीज नव्हती. ९० व्होल्टची जाडजूड कोरडी बॅटरी लागायची आणि ती संपत आली की वडील बातम्यांपुरताच सेट लावायचे. पण त्या सेटमधून कधी 'घूं' आला नाही. बॅटरीची वीज सपाट असते ना! गावात वीज आली, नवा सेट आला, आणि त्याच्या पाठोपाठ घरात तो 'घूं' आला. वडील म्हणाले, ''विजेबरोबर तिचं बिऱ्हाडही आलं.''

व्हॉल्व्ह काम कसं करतो, ते आमच्या खारेपाटातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. बांधाला उघाडी असते. तिची फळी हलवायला एका माणसाची ताकद पुरते, पण तिच्यातून पाण्याचा केवढा लोंढा जातो! ग्रिड म्हणजे ती फळी. ग्रिडवर चिमुकला विद्युतदाब हलतो आणि त्याच्या तालावर कॅथोडकडून अ‍ॅनोडकडे जाणारा मोठा प्रवाह कमी-जास्त होतो. रेकॉर्डच्या सुईतून, म्हणजे चुंबकीय पिकअपमधून, साधारण ५ मिलिव्होल्ट निघतात. त्याचं स्पीकर हलवण्याइतकं काही व्होल्ट करायचं म्हणजे हजारपट वाढ. मात्र उघाडीला कळत नाही की आलेलं पाणी गोडं आहे की खारं. पहिल्या व्हॉल्व्हपाशी गाण्याबरोबर केसाएवढी खरखर शिरली, तरी तीही तितक्याच इमानानं हजारपट होऊन बाहेर येते. तीच खरखर शेवटच्या व्हॉल्व्हपाशी झाली तर कित्येकदा ऐकूही येत नाही. म्हणून आवाजाचा माग काढायचा तो नेहमी पुढच्या व्हॉल्व्हपासून.

हे मी शिकलो ते एका चुकीतून, आणि ती चूक आधी सांगून टाकतो. १९८९ ची गोष्ट. नागोठण्याच्या बाजूच्या एका घरातला परदेशी बनावटीचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे आला. दोन ईसीसी ८३ आणि चार ईएल ८४. उजव्या बाजूनं खरखर. मी सगळे व्हॉल्व्ह टेस्टरवर लावले, काटा थोडा कमी चढला आणि मी मोठ्या रुबाबात निकाल दिला, ''व्हॉल्व्ह म्हातारे झाले, सगळे बदला.'' मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन सहाच्या सहा आणले. तेव्हाच ते महाग झाले होते, कारण बाजार ट्रान्झिस्टरचा होता. सेट नेला आणि आठवड्यात परत आला. खरखर जशीच्या तशी! मग चॅसिस उलटी करून नीट शोधलं, तर ईसीसी ८३ च्या अ‍ॅनोडला जोडलेला १०० किलोओहमचा कार्बनचा रेझिस्टन्स आतून कुरतडला गेला होता. चहाच्या कपाच्या किमतीची वस्तू. व्हॉल्व्ह सगळे ठणठणीत होते, इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातले. पण ते मी रिकाम्या बाटल्यांबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकले होते. ते गृहस्थ वयस्कर होते. रागाचा एक शब्द काढला नाही. ''जुने तेवढे परत द्या,'' इतकंच म्हणाले. मी नव्या व्हॉल्व्हचे पैसे परत केले, पण जुने कुठून आणणार?

टेस्टर खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं. कॅथोडमधून इलेक्ट्रॉन किती निघतात ते तो दाखवतो, व्हॉल्व्ह खरखरतो की नाही ते दाखवत नाही. ते फक्त कान सांगतो. आणि व्हॉल्व्हच्या तोंडून आवाज येतो म्हणून आवाज त्याचाच असतो असं नाही.

हे सगळं आज कशाला, असं कोणी विचारेल. कारण व्हॉल्व्ह पुन्हा घरात येतायत. माळ्यावरचे आजोबांचे सेट खाली उतरतायत, काही हौशी तरुण नवे व्हॉल्व्ह-अ‍ॅम्प्लिफायर विकत घेतायत. एकेकाळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह पेणच्या दुकानातही मिळत. आता नवे येतात ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून. जुने चांगले जेवढे उरलेत तेवढेच. चांगला व्हॉल्व्ह चुकून फेकला, तर तो पुन्हा कोणी बनवणार नाही.

तर आवाज आला की पहिली शंका घराची घ्या, सेटची नव्हे. रेडिओ असेल तर एरियलची तार काढून पाहा. आवाज थांबला, तर सेट निर्दोष. तो बाहेरचं ऐकतोय. हल्ली एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हे सगळे रेडिओत तोंड घालतात. एकेक बंद करून पाहावं. आमच्याकडे खाडीचा खारा वारा आहे. विजेच्या खांबांवरच्या चिनीमातीच्या चिमण्यांवर मीठ बसतं आणि पहिल्या सरीबरोबर त्या चरचरू लागतात. त्या दिवशी गावात एकाच वेळी पाच जणांचे रेडिओ बिघडले, असं समजून पाच जण माझ्याकडे आले होते! अ‍ॅम्प्लिफायर असेल तर रेकॉर्ड प्लेअरच्या किंवा सीडीच्या वायरी काढून पाहा. त्यानं 'घूं' गेला, तर दोष वायरीत किंवा अर्थिंगमध्ये.

वायरी काढूनही आवाज राहिला, तर व्हॉल्यूमचं बटण फिरवा. ही चाचणी फुकटची आहे आणि निम्मा सेट बाजूला काढते. बटण कमी केल्यावर आवाज कमी झाला, तर दोष बटणाच्या आधीच्या भागात आहे. बटण शून्यावर नेलं तरी तो ढिम्म हलत नाही, म्हणजे दोष पुढे, शेवटच्या व्हॉल्व्हकडे किंवा वीजपुरवठ्यात. आणि बटण फिरवतानाच खरखरत असेल तर बिचाऱ्या व्हॉल्व्हला हातसुद्धा लावू नका, बटणाच्या आतली कार्बनची पट्टी मळली आहे. आमच्या काळी त्यासाठी सीटीसी नावाचं द्रव ओतायचो, कार्बन टेट्राक्लोराइड. खिडकी बंद, पंखा बंद, आणि दिवसभर तो वास घ्यायचा. ते यकृताला घातक आहे, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. कोणाकडे जुनी बाटली उरली असेल तर ती वापरू नका. आता यासाठी चांगले फवारे मिळतात.

मग आवाजाचं नाव ठरवायचं. मराठीसारखी आवाजांची भाषा दुसरी नसेल. इंग्रजी पुस्तकातल्या चार शब्दांपेक्षा आमच्या गिऱ्हाइकांचे शब्द मला जास्त उपयोगी पडले.

'घूं' असेल तर तो कोणत्या सुरात आहे ते ऐका. आपल्या विजेची कंप्रता ५० हर्ट्झ. रेक्टिफायर तिच्या दोन्ही बाजू वापरतो, म्हणून वीजपुरवठ्यातून येणारा 'घूं' १०० हर्ट्झचा असतो. काळी एकच्या तानपुऱ्याची पहिली तार, मंद्र पंचम, १०४ च्या आसपास असते. 'घूं' त्या तारेपेक्षा किंचित उतरलेला वाटला, तर फिल्टरचे कंडेन्सर वाळले असं समजावं. व्हॉल्व्हचा दोष नाही. पण त्याहून एक सप्तक खाली, पोटातून आल्यासारखा 'घूं' असेल, तर व्हॉल्व्हवर संशय घ्यायला जागा आहे. तापणारी तार आणि कॅथोड यांच्यामधलं आवरण झिरपू लागलं की फिलामेंटची ५० हर्ट्झची वीज गाण्यात मिसळते. आमच्या गावच्या भजनी मंडळातले एक पेटीवाले 'घूं' ऐकून बिनचूक सांगायचे, ''हा वरचा आहे'' किंवा ''हा खालचा.'' मी मीटर काढायच्या आधीच!

धरमतरच्या खाडीतल्या लाँचसारखा 'फट् फट् फट्' असा संथ आवाज आला, तरी बहुधा कंडेन्सरच पाहायचे.

'सूं' मात्र वेगळी गोष्ट आहे. थोडी 'सूं' राहणारच. कॅथोड सातशे-आठशे अंशांपर्यंत तापतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटे सुटे उडतात. पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा थेंब वेगवेगळे असतात, पण आपल्याला एकच सलग आवाज ऐकू येतो, तसं. शॉटकी या जर्मन शास्त्रज्ञानं १९१८ मध्ये याचा हिशेब मांडला. दहा वर्षांनी जॉन्सननं दाखवलं की, साधा रेझिस्टन्ससुद्धा नुसत्या उष्णतेनं 'सूं' करतो. म्हणजे निसर्गाचीच ती तक्रार आहे, दुरुस्तीवाला काय करणार? स्पीकरला कान लावल्यावर ऐकू येणारी 'सूं' सोडून द्या. खुर्चीत बसून ऐकू येत असेल आणि तीही एकाच बाजूनं, तर पहिल्या जागेवरचा व्हॉल्व्ह तपासायचा.

'टण्ण' हा आवाज सगळ्यात मजेशीर. चालताना फरशी हादरली की स्पीकरमधून घंटा वाजते. व्हॉल्व्हच्या आतली जाळी सैल झालेली असते, ती थरथरते आणि व्हॉल्व्ह स्वतःच मायक्रोफोन होतो. सेट चालू ठेवून पेन्सिलच्या रबराच्या टोकानं एकेका व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारा. ईसीसी ८३ सारखा नाजूक व्हॉल्व्ह थोडा वाजतोच, त्यावरून त्याला फाशी देऊ नका. जो टिचकीनंतरही वाजत राहतो किंवा टिचकीबरोबर खरखरतो, त्याला वेगळा काढा. पुष्कळदा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरवरून उचलून दुसऱ्या फळीवर ठेवला की दुखणं संपतं.

आणि राहिली ती 'खरखर', 'तडतड'. इथेच माणसं पैसे घालवतात, मी घालवले तसे. स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला देवानं एक सोय दिली आहे: दोन्ही बाजू सारख्या. जोडीतला कुठला बैल अंग चोरतो हे पाहायचं तर डावा उजवीकडे जुंपून पाहतात. तसंच करायचं. सेट बंद, पिन बाहेर, काच थंड होऊ द्यायची आणि मग डाव्या-उजव्या बाजूचे एकाच नंबरचे, एकाच जागेवरचे व्हॉल्व्ह आपसात बदलायचे. पुन्हा लावल्यावर खरखर दुसऱ्या बाजूला गेली, तर व्हॉल्व्ह दोषी. खरखर जिथल्या तिथे राहिली, तर जागा दोषी. म्हणजे सॉकेट, रेझिस्टन्स किंवा कंडेन्सर. नागोठण्याच्या सेटवर मी हे दहा मिनिटांत करू शकलो असतो.

एकेरी सेटमध्ये अशी जोडी नसते. तिथे सेट बंद करून पहिला व्हॉल्व्ह काढायचा, पुन्हा लावून ऐकायचं. खरखर गेली तर ती त्या व्हॉल्व्हच्या किंवा त्याच्या आधीच्या भागातली. पण हे सरसकट करू नका. ज्या सेटच्या व्हॉल्व्हच्या नंबरात पहिलं अक्षर 'यू' आहे, त्यात सगळ्या फिलामेंट एका माळेत असतात. एक काढला की दिवाळीच्या तोरणासारखे सगळे विझतात. सेट चालू असताना शेवटचा, म्हणजे आउटपुटचा व्हॉल्व्ह तर कधीच उपटू नका. त्याच्यामुळे दबून राहिलेला व्होल्टेज वर उसळतो आणि कंडेन्सरवर येतो.

डोळ्यांनाही थोडं काम द्या. व्हॉल्व्हच्या काचेला आतून चांदीसारखा डाग असतो. उरलीसुरली हवा शोषायला बेरियमचा मुलामा दिलेला असतो तो. तो दुधासारखा पांढरा झाला, तर आत हवा शिरली. तो व्हॉल्व्ह संपला. काचेच्या कडेला निळसर झाक दिसली तर घाबरू नका, चांगल्या व्हॉल्व्हलाही ती असते. प्लेटांच्या मधल्या जागेत जांभळट धूसर उजेड भरला तर मात्र आत वायू आहे. आणि अ‍ॅनोडचा पत्राच लाल होऊ लागला तर गाणं कितीही आवडीचं असो, त्या क्षणी सेट बंद करा. ईएल ८४ चा अ‍ॅनोड १२ वॉटपर्यंत उष्णता सोसतो. लाली आली म्हणजे ती मर्यादा मागे पडली. मागच्या व्हॉल्व्हकडून येणारा कपलिंग कंडेन्सर झिरपला की बहुधा हे होतं. तसाच चालवला तर व्हॉल्व्ह जातोच, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो, आणि तो बाजारात मिळत नाही, गुंडाळून घ्यावा लागतो.

इथवर सगळं चॅसिसच्या वरचं होतं. खालची बाजू उघडणं हे शिकलेल्या माणसाचंच काम आहे, हे मी अगदी हात जोडून सांगतो. आत २५० ते ३०० व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही कंडेन्सर ते धरून ठेवतात. १९७४ मध्ये मी शिकाऊ असताना डावा हात चॅसिसवर ठेवून उजव्या हातानं तपासत होतो. पुढचं मला आठवतं ते स्टुलाखाली पडल्यापासून. आमच्या वस्तादांनी पाणी दिलं आणि म्हणाले, ''उद्यापासून डावा हात पाठीमागे.'' तो अजून पाठीमागेच जातो, भाजी चिरतानासुद्धा, आणि घरचे हसतात. काही जुन्या एसी-डीसी सेटमध्ये तर चॅसिस थेट मेन्सला जोडलेली असते. बटणाची टोपी निखळली आणि उघड्या दांड्याला हात लागला, तरी झटका बसू शकतो. असा सेट मुलांच्या हाती देऊ नये.

आणि वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला सेट उतरवलात, तर तो सरळ प्लगमध्ये घालू नका. दुरुस्तीवाल्याकडे सिरीज बोर्ड असतो. सेटच्या ओळीत एक साधा तारेचा बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भकन पेटतो आणि सेट वाचतो. तो साठ वॉटचा बल्ब आता मिळणं मुश्कील झालंय. मी माझे चार जपून ठेवलेत, व्हॉल्व्हच्याच पेटीत.

आता त्या काकूंच्या मोहरीकडे येतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि कासूच्या आसपास त्यात खाडीचा दमटपणा मिसळतो. व्हॉल्व्हच्या पायांवर आणि सॉकेटच्या चिमट्यांवर हिरवट-काळा थर चढतो. मेण लावलेले जुने कागदी कंडेन्सर ओल पितात. सकाळी सेट गार असतो, ओल आत बसलेली असते, म्हणून तडतडतो. भाकऱ्या होईपर्यंत व्हॉल्व्हच्याच उष्णतेनं तो सुकतो आणि गप्प होतो. काकूंनी बिघाड सांगितला तो घड्याळासकट, म्हणून मला शोधावं लागलं नाही. मी व्हॉल्व्ह काढले, पाय स्पिरिटनं पुसले, सॉकेटचे चिमटे सुईनं हलकेच आवळले, दोन कागदी कंडेन्सर बदलले आणि सेट खिडकीपासून आतल्या भिंतीला ठेवायला सांगितलं. एकही व्हॉल्व्ह बदलला नाही. उलट त्रास असेल, म्हणजे सुरुवातीला शांत आणि अर्ध्या तासानं तडतड, तर उष्णतेनं पसरून सुटणारा जोड, थकलेला रेझिस्टन्स किंवा खुद्द व्हॉल्व्ह, या दिशेनं जावं. सगळ्या खरखरींना मी हाच प्रश्न विचारतो, गार असताना की तापल्यावर?

दुकान बंद करून आता बरीच वर्षं झाली, पण ओळखीनं कोणी ना कोणी येतं. गेल्या श्रावणात खारघरहून एक तरुण आला. अ‍ॅम्प्लिफायर गाडीत मागच्या सीटवर, पट्टा लावून बसवलेला! डाव्या बाजूनं खरखर. त्यानं सगळा संच नवीन मागवायचं ठरवलंच होतं, फक्त कोणीतरी 'हो' म्हणायचं बाकी होतं. मी म्हटलं, बस, चहा घे, थंड होऊ दे.

मला एक अडचण होती, ती त्याला आधीच सांगितली. वयोमानानं माझ्या कानांतून वरचे सूर गेलेत. 'घूं' मला अजून ऐकू येतो. तडतडही येते. पण 'सूं' आणि बारीक खरखर आता माझ्यासाठी नाही. सेट शांत झाला की माझे कान शांत झाले, हे मला कळत नाही. म्हणून माझी नात माझ्या शेजारी बसते. ती नववीत आहे. हात माझे, कान तिचे. तिला मी एवढंच सांगितलंय की, 'येतो' किंवा 'नाही येत' असं म्हणायचं नाही. कसला येतो, ते सांगायचं.

पहिल्या जागेचे दोन ईसीसी ८३ अदलाबदल केले. ती म्हणाली, ''आता उजवीकडे गेला. चिवड्याची पिशवी चुरगाळल्यासारखा.'' म्हणजे या वेळी व्हॉल्व्हच. पण फेकायची घाई कशाला? त्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तिसरा ईसीसी ८३ होता, पुढच्या टप्प्यावर, जिथे त्याच्या आवाजाला एवढी वाढ मिळत नाही. तो पहिल्या जागी आणला आणि खरखरणारा त्याच्या जागी बसवला. नात बराच वेळ कान देऊन होती. तो तरुण तिच्या तोंडाकडे पाहत होता, मीही.

''सूं येते थोडी. दोन्हीकडे सारखी,'' ती म्हणाली. ''बाकी पाऊस ऐकू येतोय, पण तो बाहेरचा आहे.''

त्याला मी एकच ईसीसी ८३ मागवायला सांगितलं, तोही सावकाश. महिनाभरानं तो आला तेव्हा जुना व्हॉल्व्ह काढून मी त्याला परत दिला. खोक्यावर पेन्सिलीनं लिहून दिलं: 'पहिल्या जागी खरखरतो, पुढच्या जागी चालतो.'